काळ्या कापडाखालचा राजा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

गेल्या वर्षी आपल्या वार्षिकांकासाठी निसर्गछायाचित्रांची स्पर्धा जाहीर झाली, तेव्हा मीही एक फोटो दिला होता. आमच्या गावच्या पाझर तलावाचा. गाव अंबड तालुक्यात. श्रावण सरत आला होता, तलावात पाणी होते, सूर्य बुडत होता आणि आभाळ केशरी झाले होते. आणखी काय पाहिजे, असे मला वाटले. मामाचा मोबाईल मागून घेतला, फोटो काढला, छापून आणला आणि मोठ्या ऐटीत सरांच्या हाती दिला.

सर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले की, फोटो काढताना तू नेमकी कुठे उभी होतीस? मी म्हणाले, बांधावर. बांधावरच का, असा पुढचा प्रश्न आला आणि मी गप्प झाले. बांधावर उभी राहिले कारण रस्ता बांधावरून जातो! दुसरे काही कारण नव्हते. फोटोत क्षितिजाची रेघ बरोबर मधोमध, सूर्य मधोमध, खालचा अर्धा भाग नुसते पाणी, आणि डाव्या कडेला कोणाच्या तरी म्हशीचे अर्धे तोंड. बक्षीस मिळाले नाही हे सांगायला नकोच.

सरांनी मला फोटोग्राफीचे नियम सांगितले नाहीत. त्यांनी आपल्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून दिले आणि आठ दिवसांनी परत आणून द्यायला सांगितले. पुस्तक इंग्रजीत होते, त्यामुळे आठ दिवसांचा दीड महिना झाला. पण चित्रांना भाषा लागत नाही. त्या पुस्तकातून मला जो माणूस भेटला त्याचे नाव लाला दीनदयाळ, पुढे राजा दीनदयाळ. हैदराबादच्या सहाव्या निजामाचा, म्हणजे मीर महबूब अली खानाचा, दरबारी छायाचित्रकार. आपला जालना तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका. आपला जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. तेव्हा एका अर्थाने दीनदयाळ हा आपल्याच राज्याचा फोटोग्राफर, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक आहे. मला तरी नव्हते.

दीनदयाळांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना या गावी एका जैन कुटुंबात झाला. म्हणजे १८५७ चे बंड मेरठेत पेटले तेव्हा हा मुलगा तेरा वर्षांचा होता. पुढे तो रुरकीच्या थॉमसन कॉलेजात शिकायला गेला. हे कॉलेज इंजिनिअरिंगचे. तिथे त्याने मोजणी आणि नकाशे काढणे शिकून घेतले आणि १८६६ मध्ये इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरली. काम काय, तर इमारतींच्या खर्चाचा अंदाज बांधणे आणि आराखडे काढणे. दिवसभर पट्टी, गुण्या, पेन्सिल.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेले नाही. त्यामुळे मोठ्या माणसांची चरित्रे वाचताना मी नेहमी एकच गोष्ट शोधते, की हा माणूस सुरुवातीला कोण होता. दीनदयाळ सुरुवातीला कारकुनाच्या बरोबरीचा एक नोकरदार होता, हे वाचून मला बरे वाटले. कॅमेरा त्याने शिकला तो हौसेने, नोकरी सांभाळून, १८७० नंतरच्या काही वर्षांत. आजच्या भाषेत सांगायचे तर तो हौशी छायाचित्रकार होता. पगार आराखड्यांचा, जीव कॅमेऱ्यात.

इंदूर त्या वेळी होळकरांचे होते. तुकोजीराव होळकर दुसरे गादीवर होते आणि दरबारात मराठी बोलली जात होती. आमच्या अंबडला बारवेपाशी उभे राहिले की अजूनही कोणी ना कोणी अहिल्याबाईंचे नाव काढतो, तेव्हा हे घराणे काही आपल्याला परके नाही. या तुकोजीरावांनी दीनदयाळांच्या हौसेला पहिला आधार दिला. मध्य भारतातला इंग्रजांचा प्रतिनिधी सर हेन्री डेली यानेही दिला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आला तेव्हा त्या दौऱ्याची छायाचित्रे दीनदयाळांनी काढली. तोपर्यंत हौस हौसेच्या पलीकडे गेली होती, पण नोकरी अजून सोडली नव्हती. घरी खाणारी तोंडे असली की नोकरी सोडवत नाही, हे कोणी सांगायला नको.

आता त्या काळी फोटो काढणे म्हणजे काय होते, ते जरा सविस्तर सांगते. कारण माझ्या मते या माणसाचे सगळे मर्म त्यात आहे. आज मी मोबाईल काढते, बोट टेकवते आणि एका तलावाचे तीस फोटो काढते. तीसपैकी एखादा बरा येईल या आशेवर. तेव्हा फिल्मही नव्हती. काचेचे तावदान घ्यायचे, त्यावर कलोडियन नावाचे चिकट द्रव्य ओतून ते सगळीकडे सारखे पसरवायचे, मग अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवायचे, ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ते वाळण्याच्या आत पुन्हा अंधारात नेऊन धुवायचे. सगळे मिळून काही मिनिटांचा खेळ. काच वाळली की संपले. म्हणून डोंगरात जायचे तर बरोबर अंधाराचा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी न्यावे लागे. बैलगाडीभर सामान! आपल्याकडच्या उन्हात ओली काच किती वेळ ओली राहत असेल, याचा विचार ज्याने मे महिन्यात अंगणात कपडे वाळत घातले आहेत त्याने करावा. पुढे १८८० च्या आसपास कोरड्या, तयार काचा मिळू लागल्या आणि हा जाच पुष्कळ कमी झाला. पण दीनदयाळांचा हात तयार झाला तो या ओल्या काचांवर.

दुसरी गोष्ट याहून मजेची. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, डोक्यावरून काळे कापड ओढून घ्यायचे आणि मागच्या धुरकट काचेवर समोरचे दृश्य पाहायचे. ते दृश्य उलटे दिसते. आभाळ खाली, जमीन वर, डावे उजवीकडे. मला हे प्रथम वाचले तेव्हा त्या लोकांची कीव आली. उलट्या चित्रावरून बिचाऱ्यांना काय कळत असेल! पण सर म्हणाले की एकदा करून बघ. मी आपला तो बक्षीस न मिळालेला फोटो उलटा धरला. आणि काय सांगू, तलाव दिसेनासा झाला. सूर्यास्तही दिसेनासा झाला. उरले ते दोन सपाट पट्टे, एक केशरी आणि एक काळपट, आणि मधोमध एक टिकली. सुलटा धरला की मला त्यात माझे गाव दिसायचे, म्हणून तो छान वाटायचा. उलटा धरल्यावर कागदावर खरोखर काय आहे ते दिसले, आणि कागदावर फारसे काही नव्हतेच. दीनदयाळ तीसेक वर्षे काळ्या कापडाखाली उभे राहून जग असे उलटे पाहत होते.

तिसरी गोष्ट. काच जेवढी, चित्र तेवढेच. त्या काळी काच थेट कागदावर ठेवून उन्हात चित्र छापत. लहानाचे मोठे करण्याची सोय नव्हतीच म्हटले तरी चालेल. आपण आज आधी काढतो आणि मग कडेची म्हैस कापून टाकतो. त्यांना म्हैस आधीच दिसावी लागे. चारही कडा शटर उघडण्यापूर्वी तपासायच्या. आकाशाचेही एक दुखणे होते. त्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागायचा, त्यामुळे आभाळ पांढरेफटक येई आणि ढग दिसत नसत. आता ज्याच्याजवळ आभाळच नाही त्याने निसर्गाचे चित्र कशावर उभे करायचे? जमिनीवर. झाड, दगड, पायऱ्या, पाण्यातले प्रतिबिंब, भिंतीवरून सरकणारी सावली यांच्यावर. माझ्या फोटोत आभाळ काढून टाकले तर काय उरले असते, हे मी वर सांगितलेच आहे.

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन या अधिकाऱ्याबरोबर दीनदयाळ बुंदेलखंडाच्या दौऱ्यावर गेले. तिथली आणि आसपासची जुनी देवळे, किल्ले, स्तूप यांची छायाचित्रे काढायची होती. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची ही नावे आपण इतिहासाच्या पेपरात लिहितो. ती ठिकाणे या माणसाने त्या ओल्या-कोरड्या काचांवर आणली. त्यातली ८६ चित्रे १८८६ साली ग्रिफिनच्या पुस्तकात लंडनला प्रसिद्ध झाली.

या दौऱ्याची चित्रे मी सर्वांत जास्त वेळ पाहिली. सुरुवातीला मला त्यात काही विशेष वाटले नाही. देऊळ आहे, त्याचा फोटो आहे. मग हळूहळू ध्यानात येऊ लागले की पुष्कळ चित्रांत देवळाच्या अगदी समोर कॅमेरा नाही. थोडा बाजूला आहे, असा, की दोन भिंती दिसाव्यात आणि इमारतीची खोली कळावी. खांब सरळ उभे आहेत, कुठे झुकलेले नाहीत. हा इंजिनिअरचा डोळा. आणि पायरीवर, कमानीत, एखाद्या दगडाशेजारी एक माणूस आहे. बहुधा फेटा किंवा पागोटे घातलेला, निश्चल. तो पुजारी नाही, राजा नाही, यात्रेकरूही नाही. तो तिथे आहे तो आपल्याला देवळाची उंची कळावी म्हणून. आराखड्यात कडेला मापाची पट्टी काढतात ना, तसा. मी पुस्तकावर बोट ठेवून मोजलेसुद्धा, की या कळसापर्यंत अशी किती माणसे एकावर एक उभी राहतील.

माझ्या तलावाच्या फोटोत काय चुकले ते मला या माणसाने शिकवले. पाणी किती आहे, पलीकडचा काठ किती लांब आहे, हे कळायला त्यात काहीच नव्हते. कोणी धुणे धुणारी बाई, कोणी जनावराला पाणी पाजणारा पोरगा असता तर तलाव तलावाएवढा दिसला असता. ती म्हैससुद्धा पुरी आली असती तर कामाची होती.

पुस्तक निघाले त्याच सुमारास दीनदयाळांनी सरकारी नोकरी सोडली. सिकंदराबादेत स्टुडिओ काढला आणि निजामाच्या पदरी गेले. पुढची हकीगत वैभवाची आहे आणि वैभवाची हकीगत फार लांबवण्यात अर्थ नसतो. निजामाने त्यांना राजा मुसव्विर जंग बहादुर असा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र काढणारा. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या छायाचित्रांना पारितोषिक मिळाले. त्याच प्रदर्शनाच्या वेळी भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद बोलले, हे आपण शाळेत वाचलेले असते. १८९६ मध्ये मुंबईला शाखा निघाली आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची राजमान्यता मिळाली. ज्ञानचंद आणि धरमचंद ही दोन्ही मुले धंद्यात उतरली. चारमिनार, फलकनुमा, शिकारी, मेजवान्या, लष्करी कवायती, सगळे त्यांच्या काचांवर आले.

यातली एक गोष्ट मात्र सोडवत नाही. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत सगळा कारभार बायकांचा, आणि प्रमुख म्हणून मिसेस केनी-लेव्हिक नावाची इंग्रज बाई. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना परपुरुषापुढे न येता आपले चित्र काढून घेता यावे ही कल्पना. धंद्याची कल्पना होती, हे खरेच. पण माझ्या आजीचे आतापर्यंतचे फोटो मी मोजले तर ते दोन निघाले. एक आधार कार्डावरचा, ज्यात ती चोरासारखी दिसते, आणि एक आत्याच्या लग्नातल्या घोळक्यातला, ज्यात तिच्यापुढे मांडवाचा खांब आहे. तेव्हा सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या भिंतीआडच्या स्टुडिओत कोण बायका गेल्या असतील, खुर्चीत बसताना त्यांनी पदर कसा घेतला असेल, हे माझ्या मनात पुष्कळ दिवस घोळत राहिले. अर्थात त्या बड्या घरच्या असणार. आमच्यासारख्यांची तिथे काय प्राज्ञा!

निजामाच्या राज्यातली स्थळे टिपताना दीनदयाळ आपल्या भागातही आले. वेरूळ, दौलताबाद, औरंगाबादचा बिबी का मकबरा यांची त्यांनी काढलेली चित्रे आहेत. मागच्या डिसेंबरात आपल्या कॉलेजची सहल वेरूळला गेली, तेव्हा मी ही चित्रे डोक्यात घेऊनच गेले होते. सगळ्या मुली कैलासाच्या पुढे रांगेत उभ्या राहून फोटो काढत होत्या. मी कडेने वर डोंगरावर गेले आणि खाली पाहिले. एवढे अख्खे देऊळ खड्ड्यात उतरलेले, आणि तळाशी आपल्या वर्गातल्या मुली रंगीत मण्यांसारख्या. तेव्हा त्या फेट्यातल्या माणसाची आठवण झाली. मी मोबाईल उलटा धरून पाहिला, तर शेजारची एक मावशी मला विचारू लागली की पोरी, तुझा फोन बिघडला का? मॅडमनी खालून हाका मारल्या म्हणून उतरावे लागले. तो फोटो बरा आला आहे. पण या लेखाचे कारण तो नाही.

कारण वेगळेच आहे. पुस्तक परत करायच्या आदल्या रात्री मी मागची काही पाने उलटीत होते, आणि एका चित्राखाली औरंगाबाद हे नाव दिसले. मला वाटले, पुन्हा मकबरा. चित्रात माणसे होती. उघडी माणसे, पुरुष, बाया, मुले. बरगड्या मोजता याव्यात अशी. गुडघे मांड्यांपेक्षा जाड. सगळी कॅमेऱ्याकडे पाहत होती. इंग्रजीत जे शीर्षक होते त्याचा अर्थ, कृशतेचे प्रकार, औरंगाबाद. वर्षे १८९९-१९००.

१८९९ चा पावसाळा कोरडा गेला आणि मुंबई इलाख्यापासून राजपुतान्यापर्यंत मोठा दुष्काळ पडला. निजामाच्या राज्यात सर्वांत जास्त होरपळला तो आपलाच, मराठवाड्याचा भाग. सरकारने दुष्काळी कामे काढली, अन्नछत्रे आणि दवाखाने उघडले, आणि हे सगळे नोंदून ठेवण्यासाठी दीनदयाळांच्या स्टुडिओला सांगितले. त्यातून ही चित्रे निघाली. मी वर सांगितलेच आहे की जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होता.

माझ्या आजीची आजी त्या दुष्काळात आठ-नऊ वर्षांची पोर होती. आजीने तिला पाहिले आहे, तिच्या कुशीत झोपली आहे. ती सांगायची की सरकारी सडकेवर खडी फोडायला सगळे घर गेले होते, लहान पोरांना टोपल्या उचलाव्या लागत, आणि तिचा एक धाकटा भाऊ त्या सडकेच्या कडेलाच गेला. त्याचे नावसुद्धा आजीला आठवत नाही. रात्री दिव्याच्या उजेडात मी त्या चित्रातले एकेक पोर पाहत राहिले. यातले एखादे आपल्या रक्ताचे असेल का? असेल असे म्हणायला काहीच आधार नाही. नसेल असे म्हणायलाही नाही. चित्राखाली एकाचेही नाव दिलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी रागातच पुस्तक परत केले. मला राग आला होता तो दीनदयाळांचा. देवळापाशी माणूस उभा केला तर त्याचे नाव नाही, तो मापाची पट्टी. इथे तर दुसरे काही नाहीच, नुसती माणसे, आणि तरी नाव नाही. खांबांचे प्रकार असावेत तसे माणसांचे प्रकार! दोनच वर्षांनी, एप्रिल १९०२ मध्ये, याच स्टुडिओने लॉर्ड कर्झन आणि त्यांच्या पत्नीचे मारलेल्या वाघाबरोबरचे चित्र वारंगळकडच्या नेकोंड्याला काढले. त्या चित्रातल्या साहेबाचे नाव, बाईचे नाव, गावाचे नाव, सगळे जगाला माहीत आहे.

सरांनी सगळे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे असे पडले की, ही चित्रे निजामाचा दानधर्म दाखवण्यासाठी काढली गेली हे खरे, पण ती काढलीच नसती तर त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात माणसे कशी दिसत होती हे आज तुला कशावरून कळले असते? सरकारी अहवालात आकडे सापडतील, आकड्यांना गुडघे नसतात. मला हे त्या वेळी पटले नाही. अर्धे अजूनही पटत नाही. पण पुढे मी एक गोष्ट पुन्हा जाऊन पाहिली. पुस्तक ग्रंथालयात मागवले होते, तिथे बसून पाहिले. देवळांच्या चित्रांत इतकी जपून केलेली मांडणी या चित्रांत नाही. बाजूने कोन धरलेला नाही, पाण्यातले प्रतिबिंब नाही, सावल्यांची गंमत नाही. कॅमेरा सरळ समोर, माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवर. हे दीनदयाळांनी स्वतः काढले की मुलाने की नोकराने, त्याने मला फरक पडत नाही. ज्या स्टुडिओला दृश्य सुंदर कसे करावे हे हिंदुस्थानात सर्वांत चांगले येत होते, त्याने इथे ते केलेले नाही. मुद्दाम केले नाही, की फक्त हुकूम होता तसे केले? मला ठरवता आलेले नाही.

दीनदयाळांचे अखेरचे दिवस फार सुखाचे नव्हते. १९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला आणि ५ जुलै १९०५ ला स्वतः राजासाहेब वारले. स्टुडिओची पूर्वीची झळाळी पुढे राहिली नाही. काचा मात्र घराण्याने सांभाळल्या. त्यातल्या २८५७ काचा १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. २००६ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाने टपाल तिकीट काढले. माझा जन्मही त्याच वर्षीचा, पण हा निव्वळ योगायोग.

यंदा स्पर्धा पुन्हा जाहीर झाली. मी पुन्हा तलावावर गेले, पण उन्हाळ्यात, आणि बांधावर उभी राहिले नाही. तलाव आटला होता. तळाच्या चिखलाला भेगा पडून त्याच्या फरशा झाल्या होत्या. उलट्या मोबाईलमध्ये त्या फार छान दिसत होत्या, हे कबूल करते. खाली बसून कॅमेरा जमिनीलगत धरला की भेगा पायापासून सुरू होऊन थेट पलीकडच्या टेकडीपर्यंत पळत जायच्या. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात. अगदी नियमाप्रमाणे. फक्त डाव्या बाजूला टँकर उभा होता आणि बायांच्या हंड्यांची रांग. दोन पावले उजवीकडे सरकले की टँकर चौकटीबाहेर जात होता.

मी सरकले. फोटो काढला. सुंदर आला. घरी जाऊन आजीला दाखवला. आजीने डोळे बारीक करून पाहिले आणि विचारले की यात आपले कोणी का नाही?

दुसऱ्या दिवशी मी आजीला घेऊन गेले. तिला म्हणाले, आजी, तुला पाहिजे तिथे उभी राहा. मी तिला जागा दाखवणार नव्हते, एवढेच मनाशी ठरवले होते. मला वाटले ती रांगेपाशी जाईल. ती उलट्या दिशेने चालू लागली, काठावरच्या आमच्या तुकड्याकडे. तिथे आमची मोसंबीची बाग होती. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरने पाणी घालूनही ती वाचली नाही आणि अण्णांनी झाडे तोडली. मी तेव्हा पहिलीत होते. मला आठवते ती फक्त अंगणात रचलेली लाकडे. आजी एका खुंटाजवळ थांबली, पदर डोक्यावर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे न पाहता तलावाकडे तोंड करून उभी राहिली.

त्यामुळे फोटोचा तोल बिघडला आहे. आजी अगदी उजव्या कडेला गेली आहे, टँकर डावीकडे आहे, मधला सगळा भाग रिकामा, भेगांचा. क्षितिजही किंचित तिरके आले आहे, कारण मीच हलले. सरांनी पाहिला आणि या वेळी कुठे उभी होतीस असे विचारले नाही. स्पर्धेच्या अर्जात छायाचित्राचे शीर्षक लिहायला एक ओळ असते. तिथे मी आजीचे पूर्ण नाव लिहिले, मग वडिलांच्या बाजूचे गाव आणि वर्ष. आजीला वाचता येत नाही. मी वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली की नाव बरोबर आहे, पण मधे सासऱ्यांचे नाव घातलेस ते खोड आणि माझ्या बापाचे घाल.

मी खोडून घातले.